वाचणाऱ्या सायबास नमस्कार

एकाच घरात राहणारे नवरा-बायको एकमेकांना पोस्टानं पत्रं पाठवत होते, असं मी सांगितलं की लोक माझ्याकडं संशयानं पाहतात. पाहोत बापडे. मी हिंगणीला पोस्टमास्तर होतो, ती पत्रं माझ्या हातून गेली आहेत आणि त्यांच्यावरचे ठप्पे मी मारलेले आहेत. पोस्ट म्हणजे तरी काय, आमच्या किराणा दुकानाला लागून असलेली एक खोली, एक टेबल, एक तराजू आणि दाराबाहेर लाल पेटी. त्या दोघांचं घर रस्त्याच्या पलीकडं. मोजून तीस पावलं. सोमवारी पत्र पोस्टात पडायचं आणि मंगळवारी आमचा डाकवाला ते परत तीस पावलं नेऊन त्याच घरात द्यायचा.

बाईंना मी काकू म्हणायचो. नात्यानं त्या माझ्या कुणी नव्हत्या. उंच, हाडकुळ्या, कपाळावर मोठं कुंकू, पायात टायरच्या चपला. त्यांच्या मालकांना सगळं गाव गुरुजी म्हणे, आणि काकूही गुरुजीच म्हणत. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही एवढाच त्यात भाव असेल, पण ऐकणाऱ्याला वाटे, ही बाई त्यांच्या वर्गात होती की काय.

काकूंचं पत्र टाकणं म्हणजे अर्ध्या तासाचा कार्यक्रम. पेटीत पत्र टाकणं त्यांना मंजूर नव्हतं, त्या थेट टेबलापाशी यायच्या. सोबत वाटीत ज्वारीच्या पिठाची खळ. आंतरदेशीय पत्राला कडेला गोंद असतो, पण त्यांचं म्हणणं, "सरकारच्या गोंदाचा काय भरोसा?" मग बोटानं खळ लावायची, घडी दाबायची आणि तिच्यावर अंगठा ठेवून बसायचं. चांगलं शंभर आकडे मोजून होतील इतका वेळ. आणि तो सगळा वेळ माझ्याकडं टक लावून पाहायचं. नव्यानं पाहणाऱ्याला हसू यायचं. मला येत नसे. त्या अंगठ्याचं कारण मीच होतो.

त्यानंतर ठप्पा. "तारीख दिसली पायजे. नाई दिसली त पुन्ना मार."

"पुन्ना मारता येत नाई काकू, नियम हाये."

"नियम तुह्या पोटात ठेव. मार."

आणि मी मारायचो. काय सांगावं, खात्याचे साहेब आले की मी घाबरत नसे, या बाईला घाबरायचो.

गुरुजींचं आधी सांगून टाकतो. ते पूर्वी शाळेत शिकवत. पुढं नोकरी सोडली आणि लोकांच्या कामात पडले. अंगावर स्वतः कातलेल्या सुताचे कपडे, बोलणं मोजकं, आणि सोमवारी तर मौनच. आमच्या वर्धा जिल्ह्यात याचं कुणाला नवल नव्हतं. चरखा, खादी आणि मौन पाळणारी माणसं इकडं बऱ्याच गावांत होती. गुरुजी सोमवारी गळ्यात पाटी अडकवून फिरत. काही सांगायचं झालं तर लिहून दाखवत. शेतातल्या गड्याला वाचता येत नसे, तर त्याला पाटीवर बैल काढून दाखवत. बैल ओळखू येत नसे ही गोष्ट वेगळी.

पंच्याहत्तर साली आणीबाणी आली. बाजाराच्या दिवशी गुरुजी ओट्यावर उभे राहिले आणि हे जे चाललं आहे ते बरं नाही, असं पाच-सात वाक्यांत बोलले. बस, तेवढंच. चौथ्या दिवशी जीप आली. जीप आली तेव्हा सोमवार होता, त्यामुळं गुरुजी काहीच बोलले नाहीत. पाटीवर 'येतो' लिहून काकूंना दाखवलं आणि पाटीसकट जीपमध्ये बसले. ना कोर्ट, ना खटला, किती दिवस ठेवणार तेही माहीत नाही. काकू दारात उभ्या होत्या. जीप गेल्यावर त्यांनी अंगण झाडून घेतलं. त्या दिवशी दुसऱ्यांदा.

पुढच्या सोमवारी त्या पोस्टात आल्या. त्यांचं शिक्षण चौथीपर्यंत. त्यांनी आंतरदेशीय पत्र मागितलं, टेबलाजवळच्या पत्र्याच्या पेटीवर बसल्या, आणि दोन तास खपून लिहिलं. मी विचारलं, "सोमवारीच काऊन काकू?"

"आज ते तिथीही गप बसले असन. त्यायचं मौन, तर माहं लिवणं."

लिहून झालं आणि त्यांनी मला ते मोठ्यानं वाचून दाखवायला सुरुवात केली. मी म्हटलं, अहो काकू, खाजगी पत्र आहे, मी कसं ऐकू? तर म्हणाल्या, "तिकडं पोलीस वाचूनच देणार हाये. परके वाचतीन, मंग तू काऊन नाई आयकाचं? तू त आपल्या गावचा हायेस." मग मी ऐकलं.

खरी गंमत पुढंच होती. पत्राची पहिली ओळ होती, 'वाचणाऱ्या सायबास नमस्कार.' गुरुजींना नमस्कार त्याच्या खाली. मी विचारलं, हे काय? "घरात पाऊल टाकलं की पयले जो भेटते त्याले राम राम करा लागते. तो सायेब मंधात बसला हाये. त्याले टाळून कसं जाता येईन?" आणि नुसता नमस्कार करून त्या थांबत नसत. एका पत्रात लिहिलं, 'दिवसभर लोकांची पत्रे वाचून सायबाचे डोळे दुखत असतील. काशाच्या वाटीने तळपायास गाईचे तूप चोळावे.' मी कपाळावर हात मारला. म्हटलं, काकू, असं लिहिलं तर पत्रच अडवतील. अडवलं नाही. गुरुजींचं पुढचं पत्र आलं त्यावर तपासल्याचा शिक्का होता, आणि शिक्क्याशेजारी लाल पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'वाटी मिळाली नाही. नुसते तूप चोळले. आराम आहे.'

काकूंनी ते गावभर दाखवलं. गुरुजींच्या मजकुरावर हात ठेवून फक्त तेवढं दाखवायच्या.

तिकडून पंधरवड्याला एक पत्र येई. त्यातल्या काही ओळींवर काळी शाई फिरवलेली असे. काकू पत्र घेऊन पोस्टाच्या पायरीवर उभ्या राहायच्या, उन्हात धरून पाहायच्या. "इथी काय असन रे?" मग स्वतःच ठरवायच्या. "जेवणाचं असन. गुरुजीले कच्ची भाकर चालत नाई." आणि पुढच्या पत्रात सायबाला लिहायच्या, भाकर नीट भाजायला सांगा.

सुरुवातीची पत्रं सगळी गाईची, छपराची, तुरीची. गुरुजींचीही तशीच. चरखा मिळाला, तब्येत ठीक, अमुक अध्याय पाठ केला. तीन महिने असंच चाललं. मग एका सोमवारी काकू वाचता वाचता थांबल्या. पत्र माझ्या हातात दिलं आणि भिंतीकडं तोंड करून बसल्या. "पुढचं तूच वाच. माह्याच्यानं मोठ्यानं होत नाई."

पुढं एवढंच होतं, 'मला तुमची आठवण येते. दुपारी जास्त येते.'

मी तेव्हा चोवीस वर्षांचा, नुकतं लग्न झालेला. माझेच कान गरम झाले. काकू पंचेचाळिशीच्या. भिंतीकडं पाहतच त्या म्हणाल्या, "लग्नाले अठ्ठावीस वरसं झाली. घरात सासू, सासरे, दोन दीर. आमी बोलाचं कवा? ते सारे गेले त गुरुजीले दुनियेची कामं. माह्यासंग तीनच गोष्टी बोलत. पाणी दे, भाकर दे, येतो मी. आता बसून राह्यले ना एका जागी, आता मी त्यायले सांगतो."

उत्तर आलं त्या दिवशी त्यांनी ते पायरीवर वाचलं नाही. घरी नेलं. संध्याकाळी परत आल्या, घडी घातलेलं पत्र माझ्यासमोर ठेवलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. गुरुजींचं वळणदार अक्षर होतं. 'मलाही दुपारीच येते. सूत तुटते.' त्या पत्रात एकही ओळ काळी नव्हती.

तिथून त्या दोघांच्या पत्रांना जे उधाण आलं, ते काय विचारता! गुरुजींनी लिहिलं की लग्नाच्या दिवशी तुझ्या पायात काटा मोडला होता, तो काढायला मला सुचलं नाही, त्याचं अजून वाईट वाटतं. काकूंनी लिहिलं, काटा नव्हता, जोडवं रुतत होतं, आणि तुम्ही पाहिलंत हेच मला आज कळलं. मला हेवा वाटायचा. घरी बायको समोर बसलेली असे आणि मला तिच्याशी बोलायला तेल-मिठाशिवाय विषय सुचत नसे.

आता माझ्या अपराधाकडं येतो. टाळून उपयोग नाही.

शहात्तरच्या पावसाळ्यात काकू खंगल्या. अंगावरून जात होतं, चालताना भिंतीला हात लावत. लेक वर्ध्याला बोरगाव मेघेला दिलेली, ती येऊन त्यांना दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी सांगितलं, पोटात गाठ आहे, ऑपरेशन करावं लागेल, उशीर झाला आहे, जिवाची खात्री देत नाही. त्याच सुमारास सेलूकडचे एक जण सुटून घरी आले होते. यापुढं सरकारविरुद्ध काही करणार नाही, असं लिहून सही दिली की सोडत. गावातले लोक काकूंना सांगू लागले, गुरुजींना कळवा, सही करतील, येतील. मीही सांगितलं.

काकूंनी मला जे सुनावलं ते अजून कानात आहे. "सही करून जो येईन तो कोन असन? गुरुजी त तिथीच राह्यतीन. मले अशा माणसाले भाकर वाढाची नाई. खबरदार, कोनी कळवलं त!"

ऑपरेशनसाठी वर्ध्याला निघाल्या तो दिवस सोमवार. बसची वेळ झालेली, लेक घाई करत होती. काकूंनी टेबलावर उभ्यानंच चार ओळी लिहिल्या. गाय व्याली, पाऊस बरा आहे, माझी तब्येत बरी आहे, सही करू नका. खळीची वाटी आणली नव्हती. पत्र उघडंच माझ्या हातात दिलं. "तूच चिकटवजो." आणि गेल्या.

मी ते पत्र घेऊन बसलो. खाली दोन बोटं जागा कोरी होती. पोस्टाच्या नोकरीत मी कुणाच्या पत्रात एक काना-मात्रा घातला नव्हता. पण ती बाई भिंतीला धरून बसकडं जाताना मला दिसत होती. मी दौत उघडली आणि त्या कोऱ्या जागेत लिहिलं, 'काकूंचे पोटाचे ऑपरेशन आहे. तब्येत बरी नाही. पोस्टमास्तर.' चिकटवलं, ठप्पा मारला, थैलीत टाकलं. खरं सांगतो, तेव्हा मला वाटलं, मी पुण्य करतो आहे.

मग मी वाट पाहू लागलो. रोज दुपारची बस आली की बाहेर येऊन उभा राहायचो, आता उतरतील गुरुजी. नाही उतरले. ऑपरेशन झालं, काकू वाचल्या, महिन्यानं काठी टेकत परत आल्या. गुरुजींचं पत्र आलं, त्यात वासराचं नाव काय ठेवलं हे विचारलं होतं. मी धरून चाललो की सायबानं माझी ओळ काळी केली. एका अर्थी बरं वाटलं. कुणाला काही कळलं नाही, प्रकरण मिटलं.

सत्त्याहत्तरला गुरुजी सुटले. गावानं वाजंत्री आणली, गुलाल उधळला, भाषणाची तयारी केली, आणि दिवस नेमका सोमवार! गुरुजी ओट्यावर उभे राहिले आणि पाटीवर 'आभारी आहे' लिहून चारी दिशांना दाखवलं. लोक हसून लोटपोट. काकू दारात उभ्या होत्या, नवं लुगडं नेसून. गुरुजी त्यांच्यासमोर आले, पाटी पुसली, खडू हातात धरला आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. काहीच लिहिलं नाही. खाली मान घालून आत गेले.

आठवड्यानं काकू पोस्टात येऊन बसल्या. पत्र नव्हतं, नुसत्याच बसल्या. "मंगळवारी बोलतीन म्हणलं. मंगळवार गेला, बुधवार गेला. पाणी दे, भाकर दे, येतो मी. पोस्टमास्तर, पत्रातले गुरुजी कुठी गेले? हे त जुनेच आले."

मी म्हटलं, सवय होईल हळूहळू.

मग काकू त्या पत्रांच्याच मागं लागल्या. गुरुजींनी तुरुंगातून काकूंची सगळी पत्रं पिशवीत घालून परत आणली होती. काकूंनी ती घेतली, आपल्याकडची गुरुजींची घेतली आणि ठप्प्यावरच्या तारखा पाहून एकात एक लावायला बसल्या. एक यांचं, एक त्यांचं. ठप्पा नीट मार म्हणून माझ्यामागं का लागत, ते मला तेव्हा कळलं. आणि एका दुपारी त्या आल्या, त्या पावसाळ्यातलं पत्र टेबलावर उलगडून ठेवलं. माझी ओळ त्यावर होती. स्वच्छ. काळी शाई नाही, काही नाही. सायबानं जाऊ दिली होती.

"हे अक्षर कोनाचं?"

"माहं."

त्यांनी ती ओळ मोठ्यानं वाचली. पूर्वी स्वतःची पत्रं वाचून दाखवत तशी. मग म्हणाल्या, "म्हंजे गुरुजीले मालूम होतं."

मी मान खाली घातली.

"मालूम होतं, अन् ते आले नाई."

"काकू, तुमीच त लिवलं होतं ना, सही करू नोका म्हणून?"

"म्याच लिवलं. मले तेच पायजे होतं. आजही तेच पायजे." त्यांचा आवाज फाटला. "मंग मले रडू काऊन येऊन राह्यलं, सांग? तू नसतं लिवलं, त म्या म्हणलं असतं, बिचाऱ्यायले मालूमच नोतं. मरेपर्यंत म्हणत राह्यले असते. तेवढंही तू ठेवलं नाई."

मी आयुष्यात बऱ्याच शिव्या खाल्ल्या आहेत. एकीनंही माझं काही बिघडलं नाही. हे मात्र अजून सलतं. मी माफी मागितली तर त्यांनी हात हलवला, ते राहू दे, एक आंतरदेशीय दे म्हणाल्या.

पत्र्याच्या पेटीवर बसून त्यांनी पत्र लिहिलं. वर पत्ता लिहिला, गुरुजींचा, मुक्काम हिंगणी. मी म्हटलं, काकू, गुरुजी समोरच्या घरात बसले आहेत. "तोंडानं इचारणं होत नाई," त्या म्हणाल्या, "अन् त्यायच्यानं तोंडानं सांगणं होणार नाई." घरून खळीची वाटी आणली, पत्र चिकटवलं आणि घडीवर अंगठा ठेवून माझ्याकडं पाहत बसल्या. तो अंगठा त्या दिवसापासूनचा. आणि ते पत्र त्यांनी मला वाचून दाखवलं नाही. त्यानंतर कधीच कुठलं दाखवलं नाही. मला शिक्षा ती होती, आणि ती वाजवी होती.

गुरुजींचं उत्तरही पोस्टानंच आलं. सोमवारी पाटी गळ्यात घालून स्वतः आले, पत्र पेटीत टाकलं, माझ्याकडं पाहून हात जोडले आणि गेले. मंगळवारी ते काकूंना मिळालं. त्यात काय होतं हे मला कळायला चार-पाच महिने लागले. एक दिवस ठप्पा मारून झाल्यावर काकू आपण होऊन म्हणाल्या, "गुरुजीनं लिवलं होतं, पत्र तुहं होतं, खालची ओळ पोस्टमास्तरची होती. म्या तुहं आयकलं."

मी ठप्पा खाली ठेवला.

"अजून लिवलं, ते कळलं त्या दिवसापासून तुहं पुढचं पत्र येईपर्यंत रोजच मौन पाळलं. सोमवार-बिमवार नाई, रोज." त्या वाटी पुसत होत्या. "बरोबरच हाये त्यायचं. पन..."

वाटी पदराखाली धरून त्या उठल्या.

तेव्हापासून दर सोमवारी दोघांची दोन पत्रं. गावानं आधी थट्टा केली. पोरीबाळी काकूंना विचारायच्या, आजी, रात्री भांडण झालं का? काकू म्हणायच्या, तुह्या घरचा माणूस तुले लिवते का वर्सातून एखादी चिठ्ठी? एकदा खात्याचे निरीक्षक आले, पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता एकच पाहून माझ्यावर डाफरले, हा काय चेष्टेचा प्रकार आहे? काकू तिथंच बसल्या होत्या. "सायेब, मनाईचा कायदा असन त दाखवा." साहेबांना दाखवता आला नाही. जाताना काकूंनी त्यांना तळपायाला तूप चोळायला सांगितलं.

बाहेर मात्र ते दोघं पहिल्यासारखेच. शेतात जाताना गुरुजी पुढं, काकू दहा पावलं मागं. पाणी दे, भाकर दे, येतो मी. सगळं जे काही होतं ते त्या निळ्या कागदांत. मी ते ठप्पे मारून पुढं पाठवत राहिलो.

पंच्याऐंशीचा हिवाळा. काकूंच्या पोटात पुन्हा गाठ झाली. या खेपी डॉक्टर म्हणाले, कापण्यात अर्थ नाही, घरीच ठेवा. लेकीला कळलं, मला कळलं. गुरुजींना काकूंनी सांगितलं, पित्त झालं आहे. गुरुजींनी ते खरं मानलं. कापसाच्या भावासाठी तेव्हा आंदोलन पेटलं होतं. गुरुजी कारंज्याला गेले आणि नागपूर-अमरावती हायवेवर ट्रकांसमोर बसले. धरपकड झाली, वर्ध्याला नेलं. बाकीचे लोक जामिनावर दोन दिवसांत घरी आले. गुरुजींनी जामीन नाकारला. अख्ख्या आयुष्यात त्यांनी कधी जामीन घेतला नव्हता, ते म्हणत, गुन्हा केला नाही तर जामीन कशाचा?

सोमवारी काकू पोस्टात आल्या नाहीत. लेक मला बोलवायला आली. काकू ओसरीवर खाटेवर होत्या, नुसती हाडं. उशाशी आंतरदेशीय पत्र आणि खळीची वाटी. मी म्हटलं, "काकू, मी आताच बसनं जातो, गुरुजीले सांगतो, घेऊनच येतो."

"तू सांगशील त ते म्हणतीन, पोस्टमास्तर बोलून राह्यला. मागच्यावानी होईन." त्यांनी पत्र माझ्याकडं सरकवलं. "वाच."

आठ वर्षांनी त्या मला पत्र वाचायला देत होत्या. अक्षर पार वाकडं झालं होतं.

'वाचणाऱ्या सायबास नमस्कार. गुरुजीस नमस्कार. गहू बरा आहे. खाली पोस्टमास्तर एक ओळ लिहील. ती माझीच समजा.'

खाली दोन बोटं जागा सोडली होती.

"तुमीच लिवा ना काकू." मी कागद परत त्यांच्याकडं सरकवला.

"माह्याच्यानं होत नाई. जल्मभर बरी हाये, बरी हाये, असंच लिवलं. हात वळत नाई. तुले येते. लिव."

मी खाटेच्या कडेवर कागद ठेवून लिहिलं, 'काकूंची तब्येत बरी नाही. या.' त्यांनी मोठ्यानं वाचायला लावलं, डोळे मिटून ऐकलं आणि मान हलवली. खळ लावायला बोट उचलेना. मी लावली, घडी दाबली.

"अंगठा ठेव," त्या म्हणाल्या.

मी शंभर मोजेपर्यंत अंगठा ठेवला. त्या माझ्याकडं पाहत नव्हत्या, बाहेर रस्त्याकडं पाहत होत्या.

ठप्पा असा मारला की आंधळ्यालाही तारीख दिसावी. थैली दुपारच्या बसमध्ये चढवली आणि त्याच बसमध्ये मीही बसलो. सेलूहून वर्ध्यापर्यंत त्या थैलीमागं गेलो. मोठ्या पोस्टात पत्र वाटणाऱ्याचे पाय धरायचे बाकी ठेवले, सकाळी पहिलं हेच दे बाबा. तुरुंगातल्या तपासणीत एक दिवस गेला, बुधवारी गुरुजींना पत्र मिळालं. गुरुवारी दुपारच्या बसमधून ते उतरले, जामीन देऊन. माझ्यासमोरून गेले, थांबले, म्हणाले, "ओळ तिचीच आहे ना?"

"तिचीच," मी म्हटलं.

ते धावतच घरी गेले. सत्तरीचा माणूस, ती तीस पावलं धावला.

काकू त्यानंतर दोन सोमवार जगल्या. पहिल्या सोमवारी सकाळी सवयीनं मी पेटी उघडली. काकूंचं पत्र नव्हतं. गुरुजींचंही नव्हतं. मी किल्ली हातात धरून तसाच पायरीवर उभा राहिलो. गुरुजींची पाटी त्यांच्या अंगणात तुळशीपाशी पडलेली दिसत होती, आणि रस्त्याच्या पलीकडून, ओसरीवरून, गुरुजींच्या बोलण्याचा आवाज येत होता. मधूनच काकूंचा, बारीक. दुपार झाली, दिवस कलला, तरी ते दोघं बोलतच होते.